घटपर्णीला पानं भरपूर, पण पिचर धरत नाहीत: उजेड, पाणी की माध्यम?

पर्णिका

नमस्कार मंडळी. घरात एक घटपर्णी आहे, नेपेंथिस व्हेंट्राटा, १२ सेंटीमीटरच्या टांगत्या कुंडीत. झाड मरगळलेलं नाही, उलट पानं भराभर येताहेत. पण पानाच्या टोकाला जी तार निघते तिला पिचर, म्हणजे किडे पकडणारा घट, धरत नाही. रोप आणलं तेव्हाचे पिचर एकेक करून वाळले, नवा एकही आलेला नाही.

सध्याची व्यवस्था:

जागा: खिडकीपासून साधारण दीड मीटर आत. खोली उजेडाची आहे, थेट ऊन येत नाही.
पाणी: घरच्या आर.ओ.चं, रोज थोडं. कुंडीखाली ताटली आहे, तिच्यात पाणी साचलेलं असतं.
माध्यम: रोपासोबत आलेलंच. बहुतेक सगळं कोकोपीट दिसतं.
खत: इतर कुंड्यांबरोबर महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) पाण्यातून.
तापमान दिवसा ३० अंश, रात्री २४ च्या आसपास. आर्द्रता ४५ ते ६० टक्के. दिवसातून दोनदा पानांवर फवारा मारते.

पिचरमध्ये पाणी ओतायचं असतं का, आणि किडे आपण घालायचे का, हेही सांगा.

रानगवत

तुमच्या यादीतल्या तीन गोष्टी पिचरच्या आड येताहेत: उजेड, मुळांना दिलेलं खत आणि ताटलीतलं पाणी, याच क्रमाने. तापमान आणि आर्द्रता व्हेंट्राटाला चालण्यासारखी आहे, सध्या त्यांच्या मागे लागू नका.

आधी उजेड. पिचर हा झाडाला महागात पडणारा अवयव आहे. त्याची भिंत, काठ, झाकण आणि आतला रस तयार करायला साखर खर्च होते, आणि पिचर स्वतः पानाच्या पात्याच्या मानाने फार कमी अन्न बनवतो. उजेड कमी पडला की झाड पातं लांब-रुंद करतं आणि पिचरवरचा खर्च टाळतं. म्हणजे तुमची भराभर वाढणारी हिरवीगार पानं उजेडाची भूक दाखवताहेत. भरपूर उजेडातल्या व्हेंट्राटाची पानं थोडी आखूड, जाडसर आणि पोपटी असतात, मधल्या शिरेवर आणि कडांना तांबूस झाक येते.

खोली उजेडाची आहे की नाही हे डोळ्यांना ठरवू देऊ नका. डोळे अंधाराला पटकन सरावतात, झाड नाही. फोनवर लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं अ‍ॅप घ्या. आकडा अगदी अचूक नसतो, पण अंदाजाला पुरतो. फोन पानाच्या जागी, उजेडाकडे तोंड करून धरा. खिडकीपासून दीड मीटरवर बहुतेक घरांत काही शे लक्सच मिळतात. पिचर धरायला दिवसातले बरेच तास १०,००० लक्सच्या आसपास उजेड हवा.

त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, कुंडी थेट खिडकीत किंवा गच्चीच्या कडेला न्या, जिथे सकाळचं कोवळं ऊन तीन-चार तास मिळेल आणि दुपारी झिरपता उजेड राहील. दुसरी, पांढरा एलईडी दिवा: २० ते ३० वॅट, ५००० ते ६५०० केल्विन, पानांपासून २५-३० सेंटीमीटर वर, टायमर लावून रोज १२ ते १४ तास. जांभळ्या दिव्यांची गरज नाही. पांढऱ्याखाली झाड उत्तम वाढतं आणि पानांवरचे डागही वेळेवर दिसतात.

सावलीत वाढलेली पानं एकदम उन्हात नेऊ नका. पहिला आठवडा तासभर, पुढचा आठवडा दोन तास, मग हळूहळू पूर्ण वेळ. पान एकसारखं लालसर होत असेल तर ते रुळतंय. मधेच पांढुरका किंवा तपकिरी कोरडा चट्टा पडला तर पान भाजलंय, एक पायरी मागे या.

आता तारेकडे भिंगातून बघा. निरोगी तारेच्या टोकाला बारीक, तपकिरी लव असलेला, तांदळाच्या दाण्याएवढा फुगवटा दिसतो. तो काही दिवस तसाच राहतो, मग तार खाली झुकते, टोक वर वळतं आणि फुगवटा लांबट होतो. त्यानंतर तो हवा भरल्यासारखा झपाट्याने फुगतो, झाकण उघडतं आणि काठ बाहेर वळून रंग धरतो. कुठल्या पायरीवर अडलंय त्यावरून कारण ओळखता येतं:

तार हिरवी आहे, टोक नुसतं टोकदार, फुगवटाच नाही: उजेड कमी.
दाणा तयार झाला पण काळा पडून वाळला: हवा कोरडी, मुळांना पाण्याचा ताण, किंवा जागा नुकतीच बदललेली.
अर्धा फुगून थांबला आणि सुरकुतला: फुगण्याच्या काळात कुंडी कोरडी पडली, किंवा पंख्याचा, एसीचा झोत थेट लागला.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. एका पानाला एकच पिचर. ज्या पानाच्या तारेचं टोक वाळलं त्या पानाला आता पिचर येणार नाही, कितीही उजेड दिला तरी. आज केलेला बदल पुढच्या नव्या पानांवर दिसेल. व्हेंट्राटाला नवं पान साधारण तीन ते पाच आठवड्यांनी येतं, त्यामुळे दोन-तीन पानं निघेपर्यंत थांबावंच लागतं. या मधल्या काळात दर आठवड्याला जागा बदलली की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

१९:१९:१९ ताबडतोब बंद करा. हे झाड मुळात नत्र फार कमी असलेल्या जमिनीतलं आहे, नत्र मिळवायलाच पिचर बनवतं. मुळांना आयतं नत्र मिळालं की ते पानं वाढवतं आणि पिचर कमी करतं. शिवाय मुळं नाजूक असतात, क्षार साचले की टोकांपासून मरायला लागतात.

मूळखोड

उजेडाबद्दल रानगवत यांच्याशी सहमत. मी पाणी आणि माध्यमाबद्दल लिहितो, कारण उजेड सुधारल्यावरही मुळं कुजकी असतील तर उपयोग नाही.

“आर.ओ.चं पाणी” हे पुरेसं उत्तर नाही. घरच्या बऱ्याच आर.ओ. यंत्रांत गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळायची सोय असते, पिण्याला चव यावी म्हणून. त्यामुळे नळीतून १०० च्या पुढे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) असलेलं पाणी सहज येतं. टीडीएस मीटर घ्या, तोच एकमेव खात्रीचा उपाय आहे. ५० च्या खाली उत्तम, १०० पर्यंत चालतं पण कुंडी वरचेवर धुवावी लागते, त्यापुढचं देऊ नका. उकळून क्षार जात नाहीत, पाणी आटतं तसे ते दाट होतात. नुसता कोळशाचा किंवा यूव्हीचा फिल्टर टीडीएस कमी करत नाही. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. पहिल्या सरीत छपराची धूळ येते, ती वाहून जाऊ द्या आणि नंतरचं झाकणाच्या पिंपात भरा. एसीमधून गळणाऱ्या पाण्याचा टीडीएस कमी असतो, पण ते धातूच्या पत्र्यांवरून आणि साचलेल्या धुळीतून येतं. दुसरं काहीच नसेल तेव्हा आणि एसी नुकताच साफ केलेला असेल तरच वापरा.

ताटली काढा. डायोनिया, सॅरासेनिया, ड्रॉसेरा ही दलदलीतली कीटकभक्षी झाडं ताटलीत मजेत राहतात, आणि त्यांचाच सल्ला घटपर्णीला चिकटवला जातो. घटपर्णी वेल आहे. तिच्या मुळांना ओल लागते तेवढीच हवाही लागते. तळ सतत पाण्यात राहिला की खालच्या थरातली हवा संपते आणि मुळं खालून वर कुजत येतात. पाणी वरून द्या, तळाच्या भोकांतून धार येईपर्यंत, आणि पूर्ण निथळू द्या. वरचा दोन सेंटीमीटरचा थर हाताला ओलसर पण गार-गच्च न वाटेल तेव्हा पुढचं पाणी. ३० अंशांत, टांगत्या कुंडीत हे बहुधा दोन-तीन दिवसांनी येतं. पण वार ठरवून पाणी देऊ नका, कुंडी उचलून वजन बघा. आठवडाभरात हाताला सवय होते.

कोकोपीटचा दोष दोन प्रकारचा. बारीक भुकटी वर्षभरात बसते, हवा जाईनाशी होते. आणि नारळाच्या सोडणात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात, ते नीट न धुतलेलं कोकोपीट कुंडीत महिनोन् महिने क्षार सोडत राहतं. तपासायची रीत सोपी आहे. कुंडीत तुमचं शुद्ध पाणी हळूहळू ओता, तळातून निथळलेलं भांड्यात धरा आणि मीटर बुडवा. आत गेलेल्या पाण्यापेक्षा ५०-६० ने जास्त असेल तर काळजी नाही. २०० च्या वर असेल तर कुंडी बदलायचं काम पुढे ढकलू नका.

पर्णिका

दोघांचेही आभार. मोजलं. पानापाशी दुपारी बारा वाजता ७०० लक्स. आर.ओ.च्या पाण्याचा टीडीएस ११०. निथळलेल्या पाण्याचा ४६०! ताटली काढली, खत बंद. पावसाचं साठवलेलं पाणी मिळण्यासारखं आहे.

आता कुंडी बदलायची कशी ते नीट सांगाल का? मुळं काळी दिसताहेत, म्हणजे कुजलीत का?

मूळखोड

४६० हे तुमच्या खतापायी आणि कोकोपीटपायी. बदलाच.

काळ्या मुळांना घाबरू नका. घटपर्णीची निरोगी मुळं काळी किंवा गडद तपकिरीच असतात, बारीक, तारेसारखी, आणि टोकं तेवढी फिकट. नवशिके “काळं म्हणजे कुजलं” समजून ती सगळी कापून टाकतात आणि चांगलं झाड घालवतात. बोटात हलकेच दाबून बघा. टणक राहिलं तर जिवंत. साल सुटून आत नुसता धागा उरला, किंवा लिबलिबीत होऊन वास आला, तर तेवढंच कापा.

माध्यम: लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) २ भाग, परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) १ भाग, ऑर्किडसाठी मिळते ती झाडाच्या सालीची मध्यम खपली १ भाग, मापाने, वजनाने नव्हे. मॉस शुद्ध पाण्यात अर्धा तास भिजवून, पिळून, सुटं करून मिसळा. परलाइट आधी ओलं करा, कोरड्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. मूठभर मिश्रण घट्ट पिळलं तर चार-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. साल मिळाली नाही तर नुसतं मॉस आणि परलाइट समसमान चालतं, मात्र ते लवकर बसतं. बागेची माती, गांडूळखत, शेणखत, वाळू यांतलं काहीही नको.

कुंडी प्लॅस्टिकची घ्या, बाजूंनाही भोकं असलेली असेल तर फारच छान. झिलई नसलेली साधी मातीची कुंडी क्षार धरून ठेवते आणि भराभर सुकते. आकार आताच्या १२ सेंटीमीटरवरून १५, त्याहून मोठी नको. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तो भाग ओलाच राहतो आणि आंबतो.

आदल्या दिवशी नेहमीचं पाणी द्या. झाड उपटू नका. कुंडी आडवी धरून बाजू दाबत गोळा सरकवून काढा. जुनं कोकोपीट शुद्ध पाण्याच्या बादलीत बुडवून, हलवून जेवढं आपोआप सुटेल तेवढंच सोडवा. या मुळांना फाटे फार कमी असतात, तुटलेलं मूळ लवकर भरून येत नाही, त्यामुळे दहा टक्के जुनं माध्यम चिकटून राहिलं तर राहू द्या. नव्या कुंडीत तळाशी मिश्रणाचा थर, त्यावर झाड पहिल्याच खोलीवर, आणि बाजूने सैल भरत या. दाबायचं नाही, कुंडी टेबलावर दोनदा हलकेच आपटली की पुरे. मग भरपूर पाणी, निथळलेलं स्वच्छ येईपर्यंत.

पुढचे दोन आठवडे झाडावर पारदर्शक पिशवी सैल घाला आणि उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. मग पिशवीला दर तीन-चार दिवसांनी एक-दोन भोकं पाडत जा आणि शेवटी काढा. उजेड वाढवायचा कार्यक्रम त्यानंतर सुरू करा. मुळांचा धक्का आणि उन्हाचा धक्का एकाच वेळी नको.

एकदा हे झालं की महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट शुद्ध पाणी ओतून क्षार धुवायचे, आणि माध्यम दीड-दोन वर्षांनी बदलायचं, बसलेलं नसलं तरी.

देवचाफा

फवाऱ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पानांवर मारलेल्या फवाऱ्याने आर्द्रता वाढते ती काही मिनिटं. मोजून बघा, पाऊण तासात मीटर होता तिथे येतो. उलट संध्याकाळी पानं ओली राहिली आणि हवा कोंडलेली असली तर काळे-तपकिरी गोल डाग पडतात, ते बुरशीचे. आर्द्रता वाढवायची असेल तर चार-सहा कुंड्या एकत्र ठेवा, पंख्याच्या थेट झोतातून झाड हलवा, किंवा छोट्या झाडासाठी तीन बाजू बंद असलेली काचपेटी वापरा. व्हेंट्राटा ५० टक्क्यांत बिनतक्रार पिचर धरते. तिला दर काही दिवसांनी बदलणारी हवा सोसत नाही, कमी पण स्थिर आर्द्रता सोसते.

पिचरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं. पाणी ओतायचं नाही. पिचर उघडायच्या आधीच त्यात झाडाने तयार केलेला रस असतो, किंचित चिकट, आम्लधर्मी, पचवणारी विकरं असलेला. त्यात नळाचं पाणी घातलं की रस पातळ होतो आणि किडा पचायच्या ऐवजी सडतो. अपवाद एकच: आणताना पिचर उलटून रिकामा झाला असेल तर त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत शुद्ध पाणी घाला, नाहीतर तो आतून वाळतो. झाकण बोटाने मिटायचा प्रयत्न करू नका. ते सापळ्यासारखं मिटत नाही. पाऊस आत पडू नये आणि किड्याला मधाच्या थेंबांनी बोलवावं एवढंच त्याचं काम.

किडे: झाड गॅलरीत असेल तर मुंग्या-माश्या आपणहून पडतात, काहीच करू नका. बंद खोलीत असेल तर महिन्यातून एकदा, दोन-तीनच पिचरमध्ये, माशांसाठी मिळणाऱ्या वाळवलेल्या लाल अळ्या पाण्यात पाच मिनिटं भिजवून घाला. चिमूटभर, पिचरच्या पाव भागाच्या वर कधीच नाही. मांस, अंडं, दूध, पनीर नको. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, सडतात, आणि पिचर तळापासून तपकिरी होत जातो.

पिचर नसताना झाड उपाशी मरेल ही भीती बाळगू नका. किडे हे खत आहे, अन्न नव्हे. अन्न पानं बनवतात.

रानगवत

देवचाफा, अळ्यांचा मार्ग चांगला आहे, पण बंद खोलीत वास येतो आणि त्यावर बुरशी धरते. माझ्या मते हळू विरघळणाऱ्या खताचे दाणे जास्त सोपे. मध्यम पिचरमध्ये एक दाणा, मोठ्यात दोन, आणि तोच पिचर पुन्हा दोन-तीन महिने नाही. मात्र दाणा कुंडीत पडता कामा नये.

देवचाफा

मान्य, पण पर्णिकांच्या झाडाला ते आत्ता नको. दाण्यातून किती सुटतंय ते दिसत नाही, आणि ३० अंशांच्या वर ते अपेक्षेपेक्षा भराभर सुटतं. पहिले तीन-चार पिचर तयार होऊन टिकले की मग. पातळ खतच द्यायचं असेल तर ऑर्किडचं विद्राव्य खत लिटरला पाव ग्रॅम, महिन्यातून एकदा, पिचरमध्ये ड्रॉपरने. मुळांना अजिबात नाही.

पाणवठा

याच धाग्यात विचारतो. माझी व्हेंट्राटा चार फुटांची वेल झालीय, दोन पेरांमधलं अंतर वाढलंय, वरचे पिचर बारीक, नरसाळ्यासारखे आणि पंख नसलेले येतात. खालचं खोड उघडं पडलंय. आजार आहे का? आणि छाटलं तर चालेल का?

रानगवत

आजार नाही, वय आहे. जमिनीलगतच्या अवस्थेत घटपर्णी पानांचा गुच्छ करून वाढते आणि पिचर बुटके, पोटाळे, समोर झालरीचे दोन पंख असलेले असतात. वेल वर चढू लागली की पंख जातात, पिचर सडपातळ होतात आणि तार आधाराला वेढा घालते. वरच्या तारांना धरायला काठी किंवा जाळी दिली तर पिचर जास्त येतात.

खालचे पोटाळे पिचर परत हवे असतील तर छाटा. खोडावर खालची तीन-चार निरोगी पानं ठेवून, वरच्या पानाच्या पेरापासून एक सेंटीमीटर वर, स्पिरिटने पुसलेल्या धारदार ब्लेडने काप घ्या. त्या दिवशी आणि पुढे थोडं पाणी कमी द्या, कारण पानं घटलीत. चार ते आठ आठवड्यांत पानांच्या बगलेतले सुप्त डोळे फुटतात, बऱ्याचदा मातीलगतही नवे धुमारे येतात. त्यांचा पहिला पिचर अंगठ्याच्या पेराएवढा असतो, वाढत जातो.

छाटलेली वेल टाकू नका. तिचे दोन-तीन पेरांचे तुकडे करा. वरची आणि खालची बाजू उलटू नये म्हणून खालचा काप तिरका घ्या, पेराच्या एक सेंटीमीटर खाली. पिचर काढून टाका, पानं निम्मी कापा, खालच्या पेराचं पान देठापाशी काढा. मूळ फुटवणारी पूड लावली तर बरं, नाही लावली तरी व्हेंट्राटा येते. भिजवून पिळलेल्या मॉसमध्ये खालचं पेर पुरेल इतकं रोवून, झाकणाच्या पारदर्शक डब्यात, भरपूर उजेडात पण उन्हाबाहेर, २२ ते २८ अंशांत ठेवा. दोन-तीन दिवसांनी झाकण पाच मिनिटं उघडा.

इथे फसगत होते ती अशी की तीन-चार आठवड्यांत बगलेतला डोळा हिरवा होऊन फुगतो आणि कलम लागलं असं वाटतं. ते खोडातल्या साठ्यावर फुगलेलं असतं, मुळं अजून नसतात. त्याच वेळी डब्याबाहेर काढलं की दोन दिवसांत माना टाकतं. मुळांना सहा ते दहा आठवडे धरून चाला. पारदर्शक ग्लासात मॉस भरून कलम लावलं तर मुळं बाहेरून दिसतात, ओढून बघायची गरज पडत नाही. पहिलं नवं पान पूर्ण उलगडलं आणि ग्लासच्या कडेला मुळं दिसली की झाकण रोज थोडं जास्त उघडत दोन आठवड्यांत काढा.

सावली

छाटताना पानांच्या बगला नक्की तपासा. पिठ्या ढेकूण तिथे आणि पिचरच्या काठाखाली लपतात, पांढरा कापसासारखा पुंजका दिसतो. खवले कीड असेल तर पानाच्या मागे मधल्या शिरेलगत तपकिरी टिकल्या. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढा, दर सात दिवसांनी, लागोपाठ चार वेळा, कारण अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत. काळ्या मुंग्या कुंडीत ये-जा करत असतील तर मुळांवरही पिठ्या ढेकूण बघा.

कडुनिंबाचं तेल हा घरोघरचा पहिला उपाय, पण घटपर्णीवर जपून. तेलाचा थर पानांची श्वासरंध्रं बुजवतो, वर ऊन पडलं तर पान भाजतं. साबणाचा फवारा पिचरमध्ये गेला तर रस बिघडतो. मारायचाच असेल तर पिचरची तोंडं कापसाच्या बोळ्यांनी बंद करा, एका पानावर मारून तीन दिवस बघा, संध्याकाळी मारा आणि तासाभराने शुद्ध पाण्याने धुवा. फुलकिडे असतील तर नवं पान वाकडं, खरखरीत, चंदेरी चट्ट्यांचं निघतं. ते पान पुसून भागत नाही, इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक बाटलीवर दिलेल्या मात्रेनेच द्यावं लागतं.

पर्णिका

कुंडी बदलली, पिशवीखाली आहे. शेवटचा प्रश्न: ही रुळली तर पुढे नेपेंथिस राजा किंवा हमाटा घ्यायची इच्छा आहे. त्यांचे पिचर बघून मन हरखून जातं. याच खोलीत जमेल का?

देवचाफा

या खोलीत नाही. घटपर्णीच्या प्रजाती ढोबळमानाने दोन गटांत पडतात, सखल भागातल्या आणि उंच डोंगरावरच्या. राजा बोर्निओतल्या किनाबालू आणि तांबुयुकोन या डोंगरांवर १५०० ते २६५० मीटर उंचीवर वाढते, हमाटा सुलावेसीच्या डोंगरांवर. त्यांना दिवसा २५ च्या आत चालतं, पण रात्री १२ ते १५ अंशांपर्यंत गारवा लागतोच. रात्र २४ अंशांची असली की झाड दिवसभर कमावलेली साखर रात्रीच्या श्वसनात खर्चून टाकतं. पानं लहान होत जातात, पिचर थांबतात आणि काही महिन्यांत खोड बसतं. त्यासाठी गार केलेली पेटी, आणि ती रोज रात्री न चुकता चालणं, एवढी तयारी असेल तरच.

तुमच्या तापमानाला शोभतील अशा: मिरांडा (मोठे, पट्ट्यांचे पिचर असलेला संकर), मिराबिलिस, राफ्लेसियाना, आणि अँपुलारिया. अँपुलारिया मला विशेष आवडते. तिचे गोल पिचर जमिनीलगत गालिच्यासारखे पसरतात, झाकण मागे वळलेलं असतं आणि वरून पडणारा पालापाचोळाही ती पचवते. मात्र तिला ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी, त्यामुळे काचपेटीत. बायकॅलकॅराटा त्याहून हट्टी, ती आत्ता नको.

खासियाना हा आणखी एक चांगला पर्याय. भारतातली ही एकमेव घटपर्णी, मेघालयाच्या गारो, खासी, जैंतिया टेकड्यांतली. उष्णता आणि बऱ्यापैकी गारवा दोन्ही सोसते. पण राजा आणि खासियाना या दोन प्रजाती साइट्सच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहेत, बाकी सगळ्या घटपर्णी दुसऱ्यात. तेव्हा रोप बियांपासून, ऊतीसंवर्धनातून किंवा कलमातून वाढवलेलं आहे याची कागदपत्रं विकणाऱ्याकडे मागा. खोड जुनं आणि लाकडासारखं, पानं फाटकी आणि शेवाळलेली, मुळं जवळजवळ नाहीत, आणि माध्यम नुसतंच नवं कोरं भरलेलं, असं रोप समोर आलं तर ते रानातून उपटलेलं असण्याची दाट शक्यता असते. ते घेऊ नका. असं रोप बहुधा जगतही नाही, आणि ते विकलं गेलं की पुढचं उपटलं जातं.